फ्रीझरमधलं मेण

सिंगापुरात थंडीची वाट पाहणारा माणूस मी एकच पाहिला. आमचे शेजारी खरेकाका. पासिर रिसला मुलाच्या फ्लॅटमध्ये, बाराव्या मजल्यावर, त्यांनी फ्रीझरमध्ये स्वतःचा हिवाळा उघडला होता. फिशबॉलच्या पाकिटाशेजारी ते गळाला लावायची शिशाची वजनं ठेवायचे, मेण आणि चरबी फासून. तासाभराने काढायचे, नखाने मेण खरवडायचे आणि वहीत नोंद करायचे.

पुण्यात काका एका रायफल क्लबातल्या बंदुका सांभाळायचे. शिसं वितळवून गोळ्या ओतायच्या, त्यांना मेण फासायचं, हे त्यांचं काम. इथे बंदुकीचा कायदा इतका कडक की तिच्या वाटेला कुणी जात नाही, म्हणून गळाची वजनं.

"थंडीत मेण कडक होतं," ते लिफ्टमध्ये कुणालाही ऐकवत. "कडक मेण गोळीला सांभाळत नाही. शिसं बंदुकीच्या नळीला आतून चिकटतं, आणि नेम जातो बाराच्या भावात!" एक चिनी शेजारीण "ओके अंकल, ओके" म्हणत दोन मजले आधीच उतरायची.

कशावरही त्यांचं निदान एकच, "आधी नळी बघा." एमआरटी ट्रेन अडकली, नळी बघा. माझ्या मुलीला गणितात मार्क कमी पडले, तेव्हा मला म्हणाले, "हाताला दोष देऊ नये, मिलिंद. आधी नळी बघावी."

मुलगीच म्हणाली, "नो नळी लाह, आजोबा! जस्ट केअरलेस."

एक दिवस सुनेला आइस्क्रीमच्या डब्यात शिसं सापडलं. "बाबा, मुलं खातात यातलं!" तिचा आवाज आमच्या घरापर्यंत आला. ती चुकीचं बोलत नव्हती. थोड्या वेळाने काका माझ्या दारात.

"वजनं टाकली तिने. टाकू दे. ही डबी तेवढी तुझ्याकडे ठेव. मेण वितळू देऊ नकोस."

पत्र्याची जुनी डबी, तळाशी पिवळं मेण. मी उघडून नीट पाहिलंही नाही. फ्रीझरमध्ये ठेवली.

तेव्हा माझा पीआरचा, म्हणजे इथल्या कायम वास्तव्याचा, अर्ज गेलेला होता. काका इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला गोळ्यांच्या गोष्टी सांगत. कुणी तक्रार केली, आणि गोळ्यांचं मेण माझ्या घरात निघालं तर? नुसतं मेण. त्यात काही नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी एका सकाळी ऑफिसला निघताना मी डबी कचरा खाली सोडायच्या शूटमध्ये टाकली. खाली जाताना ती आपटत गेली. तो आवाज मी पूर्ण ऐकला.

त्याच आठवड्यात काकांचा इथे राहण्याचा पास संपला. पुण्याला निघताना दारात म्हणाले, "डबी आहे ना?"

"आहे, काका."

"राहू दे तुझ्याकडेच. पुण्यात उन्हाळ्यात वीज जाते."

मला हायसं वाटलं. लाज वाटायला हवी होती.

डिसेंबरात त्यांचा फोन आला. "इथे थंडी पडलीय बघ," म्हणाले, आणि पुढे, "तुझी काकू क्लबातर्फे रिव्हॉल्वर चालवायची, तुला ठाऊक नसेल. एकदा देहरादूनला स्पर्धा होती. कडाक्याची थंडी. मेण मी केलेलं, पुण्याच्या हवेचं. तिच्या गोळ्या कुठच्या कुठे गेल्या. सगळ्यांदेखत मी तिला म्हणालो, हात कापतो तुझा. घरी येऊन नळी साफ केली, तर आत शिशाचा थर."

"मग?"

"मग काय! सांगितलंच नाही मी तिला. तिने पुन्हा रिव्हॉल्वर हातात धरलं नाही. आता ती नाहीच. त्या डबीतलं मेण त्याच दिवसाचं आहे. गोळ्यांना फासताना तिचा अंगठा उमटलाय त्यात." ते खाकरले. "आहे ना रे घट्ट?"

मी फ्रीझर उघडला. आत मुलीचं आइस्क्रीम होतं, मटार होते. पीआर मिळून महिना झाला होता.

"आहे, काका," मी म्हणालो. "अगदी दगडासारखं."