गेटवरचे दत्तूअण्णा

माझी शाळा चौथीत सुटली. अक्षर वेडंवाकडं, शुद्धलेखनाचं तर विचारूच नका. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. पण आमच्या दत्तूअण्णांबद्दल कुणीतरी लिहायला पाहिजे, आणि दुसरं कुणी लिहीना.

अण्णा आमचे कळंब्यातले शेजारी. घरात एकटेच. त्यांना कुठेही हाक मारा, 'ओ' म्हणत नाहीत. छाती काढून ओरडतात, "हजर हाय!" रेशनच्या रांगेत हजर हाय, मारुतीच्या देवळात हजर हाय. एका मयतीत कुणी हळूच विचारलं, "अण्णा आलेत काय?" तिथेही तेच. रडणाऱ्या बायका दचकून गप्प झाल्या.

लोक हसतात. पण ह्या शब्दामागे एका मालकाचा नीचपणा आहे.

अण्णा फाउंड्रीत मोल्डर होते, म्हणजे लोखंड ओतायचे साचे करायचे. मालकाने जुन्या कामगारांना बोलावून सांगितलं, राजीनामे लिहून द्या, उद्यापासून नव्याने घेतो. म्हणजे जुनी नोकरी पुसली, तिच्याबरोबर हक्कही पुसले. बाकीच्यांनी मुकाट सह्या केल्या. अण्णा म्हणाले, "मालक, नोकरी नवी देतासा, मग झिजलेली हाडं बी नवी देतासा काय?"

दुसऱ्या दिवशी त्यांना गेटवरच अडवलं. वर घरी कागद आला, 'तुम्ही आपणहून काम सोडले आहे.' माणसाला हाकलायचं आणि वर म्हणायचं, हाच पळाला! ते ऐकून माझी तव्यावरची भाकरी करपली.

अण्णांनी लेबर कोर्टात केस घातली. त्यांच्या वकीलबाई म्हणाल्या, "अण्णा, रोज गेटवर जावा. नाहीतर त्यांचंच खरं होईल."

झालं. इस्त्रीचा गणवेश घालून अण्णा रोज सकाळी गेटसमोर उभे. मालकाची गाडी दिसली की "हजर हाय!" मालकाने मागचं गेट धरलं, तर अण्णा मागच्या गेटला. एकदा बाहेरगावच्या पाहुण्यांनी त्यांना वॉचमन समजून गेट उघडायला सांगितलं. अण्णा म्हणाले, "पावणं, मी हितं न्हायच. मी नोकरी सोडलीया. मालकास्नी इचारा की!"

त्यांचा डबा मी करायचे. पगार बंद, घरात बाई नाही, माणसाने उपाशी उभं राहायचं काय? पण मला बोलायचा फार संकोच. दोन अंगणांमधल्या भिंतीवर डबा ठेवून मी आत पळायचे. पलीकडून आवाज यायचा, "वैनी, हजर हाय!" संध्याकाळी घासलेला डबा परत भिंतीवर.

शेवटी मालकच आपल्या हाताने फसला. वैतागून त्याने पोलिसांत तक्रार दिली, हा माणूस रोज कामाच्या वेळेला गेटवर येऊन उभा राहतो. वकीलबाईंनी तीच तक्रार लेबर कोर्टात लावली. जज्जसाहेबांनी मालकाच्या वकिलाला विचारलं, "हा रोज येतो म्हणून तक्रार, आणि यायचा बंद झाला म्हणूनही तक्रार? खरं कुठलं?"

तोवर अण्णांचं नोकरीचं वय सरलं होतं. पण मागचा सगळा पगार मालकाला द्यावा लागला, ग्रॅच्युइटीसकट.

पैसे अण्णांच्या हातात पडले त्या संध्याकाळी भिंतीवरचा डबा मी उघडला, तर आत नोटा. इतक्या दिवसांच्या जेवणाचे पैसे. मला असा राग आला की जन्मात पहिल्यांदा मी ओरडले, "अण्णा, शेजाऱ्याला कोण बिल लावतंय?"

"तुमी राबला की वैनी. राबल्याचं पैसं बुडवलं, तर माझ्यात आन् त्या मालकात फरक काय?"

मी आत जायला वळले. पण अण्णा भिंतीपासून हलेनात. मग इतक्या हळू म्हणाले, की त्यांचाच आवाज आहे हे खरं वाटेना, "आता उद्यापास्नं गेटवर जायाचं न्हाय. तरीबी... डब्याला हजर ऱ्हाऊ नव्हं?"

"ऱ्हावा की," मी म्हणाले, आणि पैसे घेतले. सगळे.