गळतीवाले सरोदे

बाबा वारले, त्या दिवशी मी त्यांच्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि कडी लावली.

संध्याकाळी माणसं भेटायला आली. शेजारून चहा आला होता. आत्याच्या हातातला कप लवंडला आणि खालच्या मजल्यावरचे सरोदे ताडकन उभे राहिले.

"कुणी हलू नका! ताई, फडकं नको. फडक्यानं पसरतं."

इतका वेळ हलक्या आवाजात बोलणारी सगळी माणसं जागच्या जागी थिजली. सरोद्यांनी खिशातल्या रुमालाची सुरळी करून चहाच्या एका कडेला लावली, वर्तमानपत्राची घडी दुसऱ्या कडेला, आणि बाहेरून आत, बाहेरून आत येत सगळा चहा टिपून घेतला. मग आत्याला विचारलं, "तुमच्या अंगावर नाही ना उडालं?" तिनं मान हलवली. सरोदे जागेवर जाऊन पुन्हा मान खाली घालून बसले. त्या दिवसात मला हसू आलं ते तेवढंच.

सरोदे शहराबाहेरच्या एका रसायनांच्या कंपनीत आहेत. तिथं पिंप फुटलं, नळी निसटली, काही ठिबकायला लागलं, की जी तुकडी धावते तिचे ते प्रमुख. 'धावते' हा माझा शब्द. सरोदे म्हणतात, "धावायचं कशाला? धावणारा घसरतो. मग गळती एक आणि जखमी एक." आधी वारा बघायचा. मग काय सांडलंय ते विचारायचं. मग बांध. पुसायचं सगळ्यात शेवटी.

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत हा क्रम बारा महिने चालू असतो. दूध उतू गेलं की सरोदे काकू गॅस बंद करून आधी पिठाच्या डब्याकडे वळतात, कारण ओट्यावर कणकेचा बांध पडल्याशिवाय त्यांना फडकं उचलायची परवानगी नाही. कचऱ्याची गाडी आली की सरोदे रुमाल हवेत धरतात आणि फाटकाशी उभ्या असलेल्यांना "या बाजूला, या बाजूला" करत पलीकडे नेतात. एका लग्नात बासुंदीचं पातेलं हिंदकळलं, तर यांनी खुर्च्या आडव्या लावून वाटच बंद केली. नवऱ्या मुलाला मांडवाला वळसा घालून जेवायला यावं लागलं.

बाबा शाळेत गणित शिकवायचे. निवृत्तीनंतर दर रविवारी सरोदे वर यायचे, आणि त्यांना डिवचल्याशिवाय बाबांना चहा गोड लागत नसे.

"सरोदे, तुमच्या घरी चमचा पडला तर भोंगा वाजतो का हो?"

"नाही सर. भोंगा गळतीला. पडझडीला शिट्टी."

"आणि पिंपाशेजारी माणूस असला तर?"

"तर आधी माणूस."

मग सरोद्यांनी गोदामातली गोष्ट सांगितली. फोर्कलिफ्टचा दांडा पिंपात घुसला आणि ॲसिड जमिनीवर यायला लागलं. तुकडीतल्या बाकीच्यांनी वाळूचा बांध घालायला घेतला. सरोदे फोर्कलिफ्टच्या चालकाला बाहेर घेऊन गेले. त्याच्या अंगावर थेंबही उडाला नव्हता, पण तो थरथरत होता.

"मग काय समजूत घातलीत त्याची?" बाबांनी विचारलं.

"काही नाही सर. शेजारी बसलो. घाबरलेल्या माणसाला घाई करायची नाही."

बाबांनी सरोद्यांच्या बशीत अजून एक खारी ठेवली.

बाबा गेल्यावरही सरोदे रविवारी येत राहिले. बाहेरच्या खोलीत बसायचे. बंद दाराकडे बघून न बघितल्यासारखं करायचे. भाऊ फोनवर म्हणायचा, "अगं, उघड की आता. खोलीच तर आहे." मलाही ते कळत होतं. मी कडीपर्यंत जायचे आणि परत यायचे. आत बाबांची पुस्तकं होती, चष्मा होता आणि पलंगावर त्यांची चादर तशीच होती.

दिवाळीत काकूंनी आमच्याकडे फराळाचा डबा पाठवला. तो परत द्यायला, तळाशी थोडी साखर घालून, मी खाली गेले. बोलता बोलता आतल्या खोलीतून 'टप्' असा आवाज आला.

"काय ठिबकतंय?" मी विचारलं.

"काही नाही, बसा तुम्ही," सरोदे फार घाईनं म्हणाले.

काकूंना राहवलं नाही. "सांगा की! जगाच्या गळत्या थांबवतात आणि स्वतःच्या उशाशी बादली घेऊन झोपतात. पावसाळ्यापासून!"

"अगं, हळू."

"हळू काय? तिच्याभोवती वाळूच्या पुरचुंड्याही लावल्यात. ये, बघून जा."

मी आत जाऊन वर बघितलं. छतावर भलामोठा डाग होता, बरोबर बाबांच्या खोलीखाली.

"काका, मला सांगितलं का नाहीत?"

"पाणीच आहे ताई. पाण्यानं काय होतंय?"

"हे तुम्ही म्हणताय?"

सरोद्यांनी बादली डागाखाली नीट सरकवली. "सांगितलं असतं तर तुम्हाला कडी काढावी लागली असती. माझ्या छतासाठी," ते म्हणाले.

मी त्यांना वर चला म्हटलं. खोलीच्या दाराशी ते थांबले.

"मी आत येत नाही. आमच्या तुकडीत एकटं कुणी आत जात नाही, पण दोघंही जात नाहीत. एक जातो, एक दारात उभा राहून त्याच्याकडे बघत असतो. तुम्ही जा. मी आहे."

मी कडी काढली. खोलीतल्या बेसिनमागचा पाइप भिंतीत पाझरत होता. खालच्या फळीवरची पुस्तकं ओली होऊन फुगली होती. मी पलंगावर बसले, चादर जवळ घेतली आणि रडले. सरोदे दारातून हलले नाहीत. बऱ्याच वेळानं मी "या" म्हटलं, तेव्हा चपला बाहेर काढून ते आत आले आणि ओल्या पुस्तकांशेजारी जमिनीवर बसले. आम्ही पानापानात कागद घालत राहिलो. मध्येच काकू चहा घेऊन आल्या आणि त्यांनी कप जपून, लांब ठेवले.

पाइप बदलून झाला आहे. काही पुस्तकं बचावली, काही टाकावी लागली. बाबांच्या खोलीत आता मी झोपते. सरोद्यांच्या छतावरचा डाग मात्र अजून आहे.