तकलीफ निरंक

वसमतच्या एका खाजगी दवाखान्यात संधिवातावरच्या नव्या औषधाची चाचणी सुरू झाली, तेव्हा सह्या करण्याचं काम डॉक्टर हरीश यांच्याकडे आलं, औषध पाठवण्याचं पुण्याच्या कंपनीकडे गेलं आणि सगळ्यात जोखमीचं काम माझ्या निलममावशीच्या गळ्यात पडलं. माणसाला त्रास होतोय का, हे विचारायचं.

मावशी शिकलेली नर्स. औषध सलाईनमधून थेंबथेंब सोडायचं, नाडी बघायची आणि दर पाव तासाला विचारायचं, ‘काही तकलीफ?’ सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. मी तेव्हा नववीत होते. शाळा सुटली की तिचा डबा घेऊन जायचे, आणि भूमितीपेक्षा अवघड असं जगात काही असेल याची मला कल्पना नव्हती.

चाचणीचा नियम असा, की काहींना खरं औषध आणि काहींना नुसतं मिठाचं पाणी. कुणाच्या बाटलीत काय आहे हे पेशंटला माहीत नाही, मावशीला नाही आणि डॉक्टरांनाही नाही. कचेऱ्यांतही असंच चालतं, फक्त इथं ते मुद्दाम ठरवून केलेलं होतं. म्हणून प्रत्येक बाटलीवर तपकिरी पिशवी. आता झाकून ठेवलेलं ते भारी, हे आमच्याकडे लेकरालाही कळतं. आठवडाभरात वॉर्ड भरला. बाजूच्या खोलीतले जुलाबाचे पेशंटसुद्धा उघडी सलाईन लावून घेईनात.

शिरड शहापूरजवळच्या तांड्यावरच्या जमनाबाई अशाच आल्या. गुडघे धरलेले, बोटं वाकडी झालेली. डॉक्टरांनी त्यांना संमतीचा कागद वाचून दाखवला: कोणतेही कारण न देता, कधीही चाचणीतून बाहेर पडण्याचा आपणास अधिकार आहे. जमनाबाईंना डॉक्टरांचीच लाज वाटली.

“मधूनच उठायचं? पंगतीतून उठतं का कुणी, डाक्टरसाब?”

आणि त्यात खोटं काय होतं? ओळीनं खाटा, सगळ्यांना एकाच वेळी वाढलेलं, वाढणारी बाई मागून पुढं फिरतेय. पंगतच ती. पंगतीचे दोन नियम सांगायला कुठली कंपनी लागत नाही. शेजारचा उठेपर्यंत उठायचं नाही, आणि वाढणाऱ्याला मीठ कमी आहे म्हणायचं नाही.

त्यामुळं मावशीनं विचारलं की ओळभर एकच उत्तर यायचं, “बरं हाय, बाई.” त्याच ओळीतल्या दगडोबांचा चेहरा एकदा मळमळीनं मोंढ्याच्या बाजारातल्या हळदीसारखा पिवळा पडला, तरी त्यांचं बरंच होतं. तकलीफ पेशंटनं स्वतःच्या तोंडानं सांगितली तरच धरायची, असा डॉक्टरांचा हुकूम. अहवाल पुण्याला जात राहिला: तकलीफ निरंक.

कंपनी घाबरली. हेच औषध इतर गावांत गेलं होतं. कुठं मळमळ झाली, कुठं खाज सुटली, कुठं नुसत्या मिठाच्या पाण्यानं लोकांची डोकी दुखली. हिंगोली जिल्ह्यात काहीच कसं होत नाही? चौकशीला पुण्याहून एक साहेब आले. त्यांना मॉनिटर म्हणायचं. आमच्या वर्गात मॉनिटर बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहितो; हे न बोलणाऱ्यांना शोधायला आले होते. महिनाअखेर तकलीफ सापडली नाही तर हे चाचणीचं केंद्र संशयास्पद ठरवून बंद करू, असं ते शांतपणे म्हणाले. केंद्र बंद म्हणजे मावशीची नोकरी बंद. डॉक्टरांनी लगेच लेखी आदेश काढला: तकलीफ निर्माण करू नये, मात्र ती आढळलीच पाहिजे.

मग वॉर्डात पाटी लागली, ‘तकलीफ सांगणे हा आपला हक्क आहे.’ सांगणाऱ्याला चहा-बिस्कीट. दुसऱ्याच दिवशी हक्कांना पूर आला. कळमनुरीची बस थांबत नाही. लोडशेडिंगमुळं मोटर चालत नाही. दगडोबांना त्यांची सून ताटात वाकून वाढत नाही. साहेबांनी सगळं लिहून घेतलं. सुनेपुढं लिहिलं, ‘औषधाशी संबंध: नाकारता येत नाही.’ औषधाबद्दल मात्र अजूनही सगळ्यांचं बरंच होतं.

सून सौम्य धरायची की तीव्र, यावर डॉक्टर आणि साहेब चर्चा करत होते. दगडोबांचं मत तीव्र असं पडलं. तेवढ्यात मी डबा घेऊन आत शिरले, तर मावशी जमनाबाईंच्या खाटेपाशी वाकलेली. जमनाबाई हातभर बांगड्यांखाली बोट घालून गुपचूप खाजवत होत्या. ओठ सुजलेले, आवाज जड.

“काही तकलीफ, माय?”

“बरं... हाय, बाई.”

मावशीनं नळीची चकती बंद करायला हात घातला, तर जमनाबाईंनी तिचं मनगट धरलं. बोटं वाकडी असली तरी पकड जात्यावरची होती. “समदे बसलेत. मलाच काहून उठवून राहिलीस?”

मावशीनं डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टरांनी तिथूनच विचारलं, “पेशंटची तक्रार आहे का, सिस्टर?”

“तोंडानं न्हाई, सर.”

“मग चालू द्या.”

मावशीनं मनगट सोडवून घेतलं. मग ती पहिल्या खाटेकडं गेली आणि तिथून एकेक चकती बंद करत आली. दगडोबांची बंद, त्यांच्या शेजारच्याची बंद, ओळीतल्या सगळ्यांची बंद.

“उठा समदे,” ती म्हणाली. “पंगत उठली.”

दगडोबा सवयीनं आधी उठून बसले आणि हात धुवायला पाणी शोधू लागले. मग बाकीचे. जमनाबाईंनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, आणि आपली नळी मावशीच्या हातात दिली.

“आता सांगते, लेकी. लई खाज सुटून राहिली, अन् दम न्हाई पुरून राहिला.”

तक्रार तोंडानं आली म्हटल्यावर डॉक्टर पळत आले. इंजेक्शन झालं, ऑक्सिजन झाला. संध्याकाळी जमनाबाईंनी माझ्या डब्यातलं पिठलं खाल्लं आणि मीठ बराबर आहे म्हणाल्या. मीठ मी टाकायचंच विसरले होते.

साहेबांचा अहवाल मात्र चोख झाला. खाज आणि दम: नोंद घेतली. विनाआदेश सगळ्या सलाईन बंद: गंभीर नियमभंग. केंद्रात आढळलेली सर्वांत तीव्र तकलीफ: सिस्टर निलम (सुनेपेक्षा तीव्र). औषधाशी संबंध: नाही. उपाय: कामावरून कमी करणे. एकदाची तकलीफ सापडल्यामुळं केंद्र विश्वासार्ह ठरलं आणि चाचणीला मुदतवाढ मिळाली.

कामावरून कमी केलं त्या रात्री मावशी आमच्याकडं जेवायला होती. आईनं भात वाढता वाढता विचारलं, “काय निलम, नोकरी कशी चाललीय?”

मावशीनं ओळीनं बसलेल्या आम्हा सगळ्यांकडं पाहिलं.

“बरं हाय, अक्का.”

हसू नका. हे वाचताना तुम्हालाही कुणी विचारलं, कसं चाललंय, तर काय म्हणाल ते मला पाठ आहे. बसा मग. शेजारचा उठेपर्यंत.