पाणवठ्यावरचा मान्यताप्राप्त मदतनीस

एका जंगलात, पोरांनो, सगळ्यांना माणसांसारखं वागायची भारी हौस होती. चुळबुळ करू नका, नीट ऐका. त्या जंगलात गुणाबाई नावाची एक म्हातारी अस्वलीण राहायची. तिचे दोन्ही डोळे गेले होते.

तिच्या सोबतीला एक साळिंदर होतं. त्याचं नाव काट्या. काट्या पुढे चालायचा आणि अंगावरचे काटे खुळखुळ वाजवायचा. त्या आवाजामागून गुणाबाई चालायची. रोज संध्याकाळी दोघं पाणवठ्यावर जायची. तिथे उतार फार, शिवाय एका अंगाला चिखल. पण काट्या पुढे असला की तिचा पाय कधी घसरत नसे.

एके दिवशी वाटेत गवेराव आडवे आले. गवेराव म्हणजे जंगलसभेने पाणवठ्यावर नेमलेला गवा.

"आजी, तुम्ही खुशाल जा. हा मात्र इथेच थांबेल."

"का रे बाबा?"

"नवा नियम आहे. मदतनीस म्हणून फक्त कुत्रा चालेल. आंधळ्या माणसांच्या सोबतीला कुत्राच असतो. माकड स्वतः गावात जाऊन बघून आलंय."

"पण आपल्याकडे असतात रानकुत्रे. परवा त्या आंधळ्या सशाला एक दिला होतात ना? त्याने ससाच खाल्ला."

"तो त्या दोघांचा घरगुती मामला," गवेराव म्हणाले. "कुत्रा नियमात बसत होता."

मागे रांगेत कुजबुज सुरू झाली. हरिणी म्हणाली, काटे टोचतात. तिला आजवर एकही टोचला नव्हता. तरस म्हणाला, असलं काही दिसलं की माझी पाण्यावरची वासनाच उडते. हे बोलताना त्याच्या तोंडाला काय घाण येत होती म्हणता! पण तरसाला हाकलायचा नियम नव्हता.

गुणाबाईच्या घशाला कोरड पडली होती. तिला रडू आलं आणि रागही आला.

"बरं, द्या तुमचा कुत्रा," ती म्हणाली.

रानकुत्रा मोठा शिस्तीचा. तो मुकाट्याने पुढे निघाला. वळण आलं की शेपटी वळवायचा, उतार आला की खाली करायचा. बघणारे वाहवा करत होते. आता गुणाबाईला ती शेपटी दिसणार कुठून? ती सरळ चालत गेली आणि गळ्यापर्यंत चिखलात रुतली.

वरून काट्या जिवाच्या आकांताने काटे वाजवू लागला. त्या आवाजाच्या रोखाने हातपाय मारत गुणाबाई कशीबशी बाहेर आली.

लगेच सभा भरली. कुत्र्याने शेवटपर्यंत शेपटी नियमाप्रमाणे हलवली म्हणून त्याचा सत्कार झाला. काट्याला गोंगाट केल्याबद्दल ताकीद मिळाली. हरिणीने गुणाबाईला प्रेमाने समजावलं, "आजी, जरा बघून चालत जा हो."

दुसऱ्या दिवसापासून गुणाबाई काट्याबरोबर टेकडीपलीकडच्या डबक्यावर जाऊ लागली.

"आजी, पाणी फार गढूळ आहे," काट्या हळहळला.

"असू दे रे. मला कुठे दिसतंय?" असं म्हणून ती पोटभर प्यायली. पण मनातून तिला फार वाईट वाटलं. पाणवठ्यावर चौघांशी चार गप्पा व्हायच्या, त्या आता संपल्या होत्या.

इकडे कितीतरी दिवस पाणवठ्यावर एकही आंधळा प्राणी फिरकला नाही. सभेने ही गोष्ट बारकाईने पाहिली. मग एकमताने जाहीर केलं, की नव्या नियमामुळे जंगलातलं आंधळेपण समूळ नाहीसं झालं आहे.

तात्पर्य : गरजूंची सोय इतकी चोख करावी, की गरजू पुन्हा तिकडे फिरकायचेच नाहीत. सोय कशी नवीकोरी राहते.