व्याह्यांच्या गालाला लावलेला तुकडा

माणसाला कुठला रंग शोभतो हे अचूक सांगणारा अख्ख्या इबादान शहरात एकच माणूस आहे, आणि तो मी आहे! हे मी गर्वाने म्हणत नाही. सरकारी शाळेत तेहतीस वर्षं चित्रकला शिकवली की असली सत्यं माणसाला नाइलाजाने मान्य करावी लागतात. हे वाक्य मी घरात पहिल्यांदा उच्चारलं तेव्हा आमची बायको मोजिसोला चवळी निवडत बसली होती. तिने मान वर न करता माझ्या पायांकडे बोट दाखवलं. एक मोजा तपकिरी होता, दुसरा काळा.

"अंधारात घातले," मी म्हणालो.

"सकाळी अकरा वाजता?"

हिच्याशी रंगाविषयी बोलण्यात अर्थ नसतो. पण बोलणं भाग होतं, कारण आमच्या मुलीचं, अबेनीचं, लग्न तोंडावर आलं होतं, आणि मुलीकडच्यांनी कुठल्या कापडाचे कपडे शिवायचे हा प्रश्न होता. आमच्याकडे ही बाब नवरामुलगा निवडण्यापेक्षा गंभीर! मुलगा तीन आठवड्यांत पसंत झाला, कापड पाच महिने चाललं होतं. मुलीकडचे सगळे एका कापडात, मुलाकडचे सगळे दुसऱ्या. मंडपाच्या दारात माणसाचं तोंड कोण बघतो? कपडा बघायचा आणि त्या बाजूला नेऊन बसवायचं.

शेवटी मोजिसोलाने आणि तिच्या बहिणींनी कांद्याच्या सालीचा रंग पसंत केला. फिकट, गुलाबीसर, नुकताच तापातून उठलेला. मुलाकडच्यांनी गडद लाल घेतल्याचं कळलं होतं.

"हा?" मी ओरडलो. "हा घालून आपण ओळीने बसलो तर लोक आहेर आणायचे नाहीत, औषधं आणतील!"

"भाओजी, सगळ्यांना आवडलाय," धाकट्या मेहुणीने सांगितलं.

मी सगळ्यांना अंगणात उन्हात उभं केलं. म्हटलं, "नीट ऐका. माणसाच्या कातडीखाली आणखी एक रंग असतो. काहींच्या कातडीखाली निळसर गारवा असतो, त्यांना हा तुमचा कांदा खुशाल चालेल. आपल्या घराण्याच्या कातडीखाली ऊब आहे! ताज्या पामतेलासारखी, तांबूस, सोनेरी. अशा कातडीवर फिका रंग टाकला की ती विझते. तिला आग लागते! आणि आगीशेजारी थोडं पाणी. म्हणजे अंगभर भडक नारिंगी, आणि डोक्याला मोरपंखी!"

"मलाही आग लागेल का हो भाओजी?"

"तुम्हाला जन्मजात आहे. तुम्ही नुसतं मोरपंखी बांधा."

मग मी नारिंगी कापडाचा तुकडा मोजिसोलाच्या हनुवटीखाली धरला. काय सांगू! चेहऱ्यावर कुणी दिवा लावल्यासारखं झालं. तिने आरशात एकदा बघितलं. मग कुणाचं लक्ष नाहीसं पाहून दुसऱ्यांदा बघितलं. माझं पटलं हे ती कबूल करणार नव्हतीच.

"बरं," ती म्हणाली. चौतीस वर्षांच्या संसारात मला मिळालेलं हे तिसरं 'बरं'! "पण मुलाकडे कळवायला हवं. उद्याच जा आणि हा नमुना व्याह्यांना देऊन या."

आता व्याह्यांविषयी. चीफ ओगुन्दिपे. सिमेंटचा घाऊक धंदा. समोरच्या माणसालाही ते पोत्यासारखं उचलून बाजूला ठेवतात. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "आपण काय करत होता?"

"शाळेत चित्रकला शिकवत होतो."

"ते झालं. पण काम काय करत होता?"

त्या दिवसापासून मी या लग्नातल्या एकाच क्षणासाठी जगत होतो. आमच्यात मागणी घालताना मुलाकडच्या तमाम पुरुषांना मुलीच्या बापापुढे जमिनीवर पालथं पडावं लागतं. छाती, पोट, हनुवटी, सगळं टेकवून! बापाने हात उचलून आशीर्वाद दिला की मगच उठायचं. आणि आशीर्वाद किती लांब असावा यावर कसलंही बंधन नाही. मी साडेचार मिनिटांचा लिहून पाठ केला होता. त्यातली दीड मिनिटं नुसत्या चित्रकलेवर होती.

असो. दुसऱ्या दिवशी नमुना खिशात घालून मी चीफच्या बंगल्यावर गेलो. त्यांनी बसवलं, झणझणीत मटणाचं सूप पुढे केलं आणि म्हणाले, "ऐकतो की तुम्हाला रंगातलं कळतं. मला सांगा, मला काय शोभेल? आमच्या बायकांनी ते लाल घेतलंय, त्यात मी जखमेसारखा दिसतो."

आता मला सांगा, मी काय करणार होतो? त्यांना खिडकीपाशी नेलं. खिशातला तुकडा काढून गालाला लावला. आणि अहो, चीफच्या कातडीखालीही ऊब निघाली! सिमेंटच्या पोत्याखाली निखारा! मला राहवेना.

"आहाहा! चीफ, हाच तुमचा रंग!"

"खरं म्हणता?" आरशासमोर ते गाल इकडून तिकडून फिरवत होते. "वा! दहा वर्षं गेली की हो अंगावरून! जोडीला काय?"

"मोरपंखी टोपी."

"लिहून द्या. नाही तर बायको ऐकायची नाही. आणि हा तुकडा इथेच ठेवून जा."

मी लिहून दिलं. खाली झोकदार सही केली. इथे मी एक वाक्य बोलायला हवं होतं: 'चीफ, हा आमचा रंग आहे.' चार-पाच शब्दांचं काम. त्याऐवजी मी त्यांना टोपी कुठल्या कानाकडे झुकवावी ते समजावून सांगितलं.

घरी आलो.

"दिलात नमुना?"

"दिला."

"काय म्हणाले?"

"बेहद्द खूश!"

"त्यांची काही हरकत नाही ना?"

"हरकत? तुकडा गालाला लावून बसलेत!"

"माणूस दिसतो तसा नाही हो," मोजिसोला म्हणाली, आणि निर्धास्तपणे सगळ्या नातेवाइकांसाठी नारिंगी कापड आणायला बाजारात गेली.

लग्नाच्या दिवशी आमची बाजू अशी पेटली होती की येणाऱ्याने आधी पाण्याची बादली शोधावी! पहिल्या ओळीत मधोमध माझी मोठी खुर्ची. मी त्यात बसून आशीर्वाद मनातल्या मनात घोळवत होतो. तेवढ्यात कर्णा किंचाळायला लागला. जनरेटर बघायला म्हणून मी उठून फाटकाशी गेलो.

फाटकाबाहेर दोन बस थांबल्या होत्या आणि त्यांतून नारिंगी माणसं उतरत होती. डोकी मोरपंखी. क्षणभर माझा ऊर भरून आला. आपला गोतावळा केवढा मोठा! मग लक्षात आलं की त्यातलं एकही तोंड ओळखीचं नाही.

एवढ्यात माझ्या दंडाला कुणीतरी धरलं. मुलाकडची अलागा! अलागा म्हणजे मागणीच्या वेळी आपल्या बाजूने गाणारी, बोलणारी, टोमणे मारणारी आणि सगळ्यांना हाकणारी बाई. तिच्यापुढे निवृत्त कर्नलसुद्धा रांगेत चालतात.

"ए आजोबा! कुठे पळताय? रांगेत या!"

"बाई, मी मुलीचा बाप आहे!"

"सगळे म्हातारे हेच सांगतात! पालथं पडायचं आलं की निम्मे मुलीचे बाप होतात आणि निम्म्यांचे गुडघे दुखतात! चला, नाचा!"

ढोल सुरू झाले. मागून पन्नास माणसांचा लोंढा. मी नाचत नव्हतो, पण पुढे जात होतो, आणि लांबून बघणाऱ्याला त्यातला फरक कळत नाही. मंडपात शिरलो. "आडवे व्हा!" अलागा गरजली. मी उभाच राहिलो, तर तिने माझ्या मानेवर तळवा ठेवला. आयुष्यात पुष्कळ हेडमास्तर पाहिले, असा तळवा कुणाचा नव्हता! मी पालथा पडलो. शेजारी होणारा जावई, कोलादे, आधीच पडलेला होता.

"बाबा?" तो कुजबुजला. "तुम्ही इकडे कसे?"

"गप्प पड."

मी हळूच डोळे वर केले. समोर चकचकीत बूट. वर भडक नारिंगी झग्याचा घोळ. त्याच्या वर मोरपंखी टोपी, मी सांगितली होती बरोब्बर तेवढीच झुकलेली. माझ्या खुर्चीत चीफ ओगुन्दिपे बसले होते! ते आपल्या गाडीने आधीच येऊन पोचले होते. दारातल्या आमच्या पुतण्याने कपडा बघितला, पोट बघितलं, पुढची मोठी खुर्ची रिकामी बघितली आणि मानाने नेऊन बसवलं. चीफना वाटलं, काय आदरातिथ्य आहे! आता पायाशी माणसं पडलेली बघून त्यांनी सवयीने हात वर केला.

"उठा बाळांनो, सुखी राहा!"

दोन सेकंद. माझ्या साडेचार मिनिटांच्या जागी दोन सेकंद!

आणि आतून नवरीची तयारी आटोपून मोजिसोला बाहेर आली.

"अहो अबेनीचे बाबा! तुम्ही जमिनीवर काय करताय?"

"मागणी घालतोय," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

पडद्यामागून अबेनीचा आवाज आला, "आई, त्यांना हो म्हणू नकोस!"

मंडपात हसण्याचा जो स्फोट झाला तो शेजारच्या गल्लीतही ऐकू गेला म्हणतात. पण आमच्या बाजूची अलागा, मामा रिस्कात (आमच्याकडे मामा म्हणजे आई!), हसली नाही. तिने ढोल थांबवले.

"मुलीच्या बापाने मुलाच्या बापाकडे मुलगी मागितली, आणि त्याने ती देऊनही टाकली! अशी मागणी मी मानत नाही. कोण कुठल्या बाजूचा ते आधी दाखवा. तोवर नवरी बाहेर येणार नाही!"

झालं! दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांत असे मिसळले होते की माझा सख्खा चुलतभाऊ मुलाकडच्यांत बसून आमच्या मुलीतल्या खोडी काढत होता. पडद्यामागचं हसू थांबलं, आणि अबेनी मुसमुसल्याचं ऐकू आलं. मी उठून उभा राहिलो तेव्हा माझे गुडघे खरंच दुखत होते.

"रंग चोरलात आमचा!" धाकटी मेहुणी चीफवर धावली.

"मी? चोरला?" चीफनी घोळातून एक कागद काढला. "हे बघा! तुमच्या भाओजींनी लिहून दिलंय. खाली सही आहे!"

मोजिसोलाने कागद वाचला. पुन्हा वाचला. मग माझ्याकडे बघितलं. मी तेहतीस वर्षं रंग शिकवले, पण त्या नजरेच्या रंगाला मला नाव देता येत नाही.

ती जवळच्या खुर्चीपाशी गेली आणि पाठीला बांधलेली पट्टी खसकन ओढून काढली. भाड्याच्या खुर्च्या, भाड्याच्या पट्ट्या. रंग राखाडी. मेलेल्या विस्तवाचा! तिने ती माझ्या खांद्यावरून आडवी घेऊन कमरेला गाठ मारली, जरा जास्तच घट्ट.

"मुलीकडचे सगळे, इकडे या!" ती ओरडली. "ज्याच्या अंगावर पट्टी तो आपला!"

पाच मिनिटांत खुर्च्या उघड्या पडल्या आणि आमचं घराणं राखाडी पट्ट्यांत बांधलं गेलं. मी हताशपणे म्हटलं, "उबदार कातडीवर राख! विझलो आपण!" तर मेहुणी आरशात बघत म्हणाली, "भाओजी, आता कुठे डोळ्यांना बरं वाटतंय. नुसतं नारिंगी बघून सकाळपासून डोकं चढलं होतं." फोटोवालाही म्हणाला, पट्टीने चेहरे उठून दिसतात. मी त्याच्याशी बोलणं बंद केलं.

मामा रिस्कातने ढोलांना खूण केली. मुलाकडचे बाहेर गेले आणि पुन्हा नाचत आले. या वेळी मी माझ्या खुर्चीत होतो. कोलादे पडला. त्याचे काका पडले. आणि मग, देवाची कृपा, चीफ ओगुन्दिपे गुडघ्यांवर आले, तळवे टेकले आणि आपलं अवाढव्य पोट हळूहळू जमिनीवर ठेवून माझ्या पायाशी पालथे झाले! कॅमेरे वळले. पडदा बाजूला करून अबेनी ओल्या डोळ्यांनी हसत बघत होती. मी सावकाश उठलो, घोळ सावरला, उजवा हात वर केला, घसा खाकरला...

आणि मागून कुणीतरी माझ्या कोपराला हळूच स्पर्श केला. खुर्च्या भाड्याने देणारी तोयिन होती.

"बाबा," ती अगदी अदबीने म्हणाली, "जेवायला बसण्याआधी तेवढी पट्टी सोडून देता का? पामतेलाचा डाग पडला की निघत नाही हो."