ढोलाजी अस्वलाचा हास्योपचार

एका जंगलात, बाळांनो, ढोलाजी नावाचं अस्वल राहत होतं. जंगल कुठलं ते विचारू नका. आपल्याकडे असलं काही होत नाही.

ढोलाजीला एकच विद्या येत होती. तो पडायचा. झोकात चालत यायचा आणि धप्पकन पडायचा. बघणाऱ्याला हसू आवरत नसे.

एकदा एका पाडसाचा पाय खडकात अडकून निखळला. जंगलाच्या वैद्य करकोचामावशी धावत आल्या. पण पाडस पायाला चोच लावू देईना.

मग ढोलाजी पुढे झाला. मधाचं रिकामं पोळं मुकुटासारखं डोक्यावर ठेवलं, पोट आत ओढलं, नसलेली आयाळ झटकली आणि थेट सिंहमहाराजांच्या चालीने येऊन पडला. पाडस खदखदून हसलं. तेवढ्यात मावशींनी पाय ओढला. कट् असा आवाज झाला. पाय जाग्यावर.

"छान पडलास," मावशी म्हणाल्या.

"तुम्ही छान बसवलात," ढोलाजी म्हणाला.

तेव्हापासून दोघं जोडीनेच फिरू लागले.

ही वार्ता प्रधान कोल्ह्याने दरबारात नेली. "महाराज, पाडस हसलं आणि बरं झालं. मी स्वतः पाहिलं."

"करकोचीण काय करत होती?" सिंहाने विचारलं.

"शेजारी उभी होती."

"नुसतं उभं राहायला तळ्यातले मासे कशाला द्यायचे?"

मासे बंद झाले. मावशी नदीपलीकडच्या जंगलात उडून गेल्या. ढोलाजी झाला राजहास्यवैद्य. तळं आटलं की काठावर हास्यशिबिर भरे. वणवा लागला की आधी हास्यशिबिर, मग पळापळ. जो हसणार नाही तो जंगलाच्या वाईटावर आहे, असं कोल्हा सांगे. मग सगळे हसत. कोरड पडलेल्या घशाने चांगलं हसता येत नाही, पण प्रयत्न करत.

ढोलाजीला हे सहन होईना. तो दरबारात गेला. "महाराज, मी घाबरलेल्याचं मन घटकाभर दुसरीकडे नेतो. तेवढ्यात कोणीतरी पाय बसवायला हवा."

दरबार हसत सुटला.

"खरंच सांगतोय. मावशींना परत बोलवा."

"चेहरा बघा कसा केलाय," कोल्हा डोळे पुसत म्हणाला.

ढोलाजी रडकुंडीला आला. तसे काहीजण हसून हसून लोळायला लागले.

काही दिवसांनी एक सशीण पिल्लाला घेऊन त्याच्याकडे आली. पिल्लाचाही पाय निखळलेला. ढोलाजी जीव ओतून पडला. पिल्लू हसलं. हसून झाल्यावर पुन्हा रडू लागलं.

"आता?" सशिणीने विचारलं.

ढोलाजीने सवयीने मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं.

त्याने पिल्लाला पाठीवर घेतलं. "चला ताई, नदीपलीकडे."

वाट लांबची होती. पिल्लू कण्हायला लागलं, की ढोलाजी मुद्दाम एखाद्या झाडावर आपटायचा आणि त्या झाडाची हात जोडून माफी मागायचा. असं करत करत तिघं पोचले.

"उशीर केलास," मावशी म्हणाल्या.

"पडत पडत आलो," ढोलाजी म्हणाला.

पिल्लू हसलं. कट् असा आवाज झाला.

ढोलाजी परत गेलाच नाही. महाराजांनी त्याला फितूर ठरवलं आणि त्याची जागा माकडांना दिली. माकडं शिबिरात शिकून तयार झालेली होती.

पुढे एकदा महाराजांच्याच पंजात बाभळीचा काटा खोल रुतला. पंजा सुजून भोपळ्याएवढा झाला. माकडांनी कोलांट्या मारल्या. एकमेकांच्या शेपट्या ओढल्या. महाराजांनी जंगल हादरेल अशी आरोळी ठोकली.

कोल्ह्याने टाळ्या वाजवल्या. "बघा," तो म्हणाला, "महाराज किती मोकळेपणाने हसताहेत."

तात्पर्य : हसण्याने कुठलंही दुखणं पळून जातं, बाळांनो. फक्त ते दुसऱ्याचं असावं लागतं.