टिपणीस काकांचं नाक

आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी नवीन राहायला आलं की बाकीचे लोक त्याचं नाव-गाव विचारतात. टिपणीस काका त्याचा बूट उचलून नाकाला लावतात. तेही उघडपणे, भर जिन्यात, डोळे मिटून, पेटीतला आंबा हुंगावा तसे. मग बूट जागच्या जागी ठेवून निकाल देतात, "माणूस सज्जन दिसतोय. मोजे मात्र कालचेच घालतो."

आम्ही पनवेलजवळ करंजाडेत राहायला आलो त्याच आठवड्यात त्यांनी माझ्या नवऱ्याच्या बुटांसमोर उभं राहून बेल दाबली होती.

"वहिनी, ह्यांना सुट्टी कधी असते?"

"रविवारी."

"साहेबांना नव्हे हो, बुटांना! रोज हाच जोड घालतात ना? आजचा घाम वाळायच्या आत उद्याचा आत शिरतो. दोन जोड ठेवा, आलटून पालटून. आणि पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्या पुसा. पाय सगळेच धुतात, बेचक्या कोणी पुसत नाही."

मी ओशाळून हो म्हटलं. त्यावर ते एकदम मवाळ झाले. "मनाला लावून घेऊ नका. दोष पायाचा नसतो, कोंडमाऱ्याचा असतो."

हे वाक्य मी त्यानंतर असंख्य वेळा ऐकलं. काका विमा कंपनीत सर्व्हेअर होते. उलटलेले ट्रक, जळालेली गोदामं बघत त्यांची सारी नोकरी बुटात गेली. आता निवृत्त, एकटे, तिसऱ्या मजल्यावर. अंघोळ झाली की पायरी-पायरीने खाली उतरायचे, प्रत्येक दारासमोरच्या रॅकपाशी थांबायचे आणि ज्याची अवस्था नाजूक वाटेल तो जोड न विचारता गच्चीवर उन्हात नेऊन ठेवायचे. संध्याकाळी परत. शाळेचे बूट, जिमचे बूट, एका वकिलीणबाईंचे उंच टाचांचे सँडलसुद्धा. लोक चिडायचे, पण वास खरंच जायचा, त्यामुळे फार कोणी बोलत नसे.

बोलले ते म्हात्रे भाऊ.

म्हात्रे तळमजल्यावर राहतात. मूळचे समुद्रकाठच्या करंजा गावचे, कोळी. बंदरात नोकरी करून निवृत्त झालेले, आवाज अजून धक्क्यावरचाच. त्यांच्या घरातून सुक्या बोंबलाचा दरवळ यायचा तेव्हा काही जणांनी सोसायटीत तक्रार केली होती. टिपणीस काकाच त्यांच्या बाजूने उभे राहिले. "त्याला वास म्हणत नाहीत, त्याला स्वयंपाक म्हणतात," असं त्यांनी भर मीटिंगमध्ये सुनावलं. दोघांची चांगली मैत्री झालीही असती, पण काकांनी एक दिवस म्हात्र्यांचे जाड तळव्यांचे काळे बूट गच्चीवर नेले आणि वाऱ्याने म्हणा, मांजराने म्हणा, त्यातला एक खाली गटारात गेला. म्हात्र्यांना भाच्याच्या हळदीला रबरी सपाता घालून जावं लागलं. सगळ्या करंजाने विचारलं म्हणे.

मग सोसायटीत अर्ज, मीटिंग, आरडाओरडा. सेक्रेटरींनी काकांना लेखी ताकीद दिली की पुन्हा कोणाच्या चपला-बुटांना हात लावलात तर पोलिसांत तक्रार होईल. काका मान खाली घालून बसले होते. त्या दिवसापासून जिना उतरताना ते हात मागे बांधून चालू लागले. म्हात्र्यांच्या दारावरून जाताना तर श्वास रोखून धरायचे, मोह नको म्हणून.

म्हणूनच त्या सकाळी बेल वाजली आणि दारात काका घामाघूम उभे दिसले, तेव्हा मी घाबरले.

"वहिनी, मी म्हात्र्यांचा बूट हुंगला."

"अहो काका! का?"

"मी थांबलोच नव्हतो, देवाशप्पथ. वासच अंगावर आला. मग राहवलं नाही." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "घामाचा वास आंबट असतो. हा तसला नाही. गोडसर आहे, कुजका. उंदीर मरून पडल्यावर येतो ना, तसा. तुम्ही चला. माझं ते ऐकणार नाहीत."

आम्ही खाली गेलो. भाऊंच्या पत्नी, म्हात्रे मावशी, लेकीच्या बाळंतपणासाठी करंजाला गेल्या होत्या, घरात भाऊ एकटेच. त्यांना मधुमेह आहे हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं, कारण साखरेचा चहा पिताना ते रोज मावशींच्या शिव्या खायचे. रॅकमध्ये त्यांचे नवे बूट होते. मी उजवा बूट हातात घेऊन वाकवला, तर आत तळव्यातून एक बारीक खिळा वर आलेला. भोवती तपकिरी डाग.

तेवढ्यात दार उघडलं. सकाळच्या फेरीवरून आलेल्या म्हात्र्यांच्या पायात मोजे तसेच होते.

"परत? परत हात लावलास माझ्या बुटाना?" म्हात्र्यांचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला. "सांगितला होता ना तुला? थांब, पोलिसानला फोन लावतो."

"लावा," काका म्हणाले. "पण ते येईपर्यंत उजवा मोजा काढा."

"काय?"

"एकदाच काढा. मग मला आत टाका."

वरच्या जिन्यातून दोन-तीन डोकी डोकावू लागली. म्हात्रे लालबुंद झाले होते. मी खिळा दाखवला. "भाऊ, हा पायात रुतत नव्हता?"

"कसला खिला? रोज दोन येळा मैदानाला फेरी मारतो. दुखत नाय, खुपत नाय. तुमी दोघांनी मिळून मला येडा ठरवायला घेतलाय?"

"दुखत नाही म्हणूनच म्हणतोय! साखरेने पाय बधिर पडतात!" काका ओरडले. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मग ते एकदम खाली बसले, उंबऱ्याबाहेर, फरशीवर. "म्हात्रे, तुमचा बूट माझ्यामुळे गटारात गेला. माझी चूक. हवं तर सगळ्यांसमोर नाक घासतो. पण मोजा काढा हो."

 म्हात्रे धपकन खुर्चीवर बसले, "बघ, बघ काय हाय ते," असं म्हणत त्यांनी मोजा ओढला. तो निघेना. अंगठ्यापाशी चिकटला होता. दुसऱ्यांदा ओढल्यावर निघाला, आणि घरभर तो वास पसरला.

अंगठ्याशेजारची दोन बोटं काळीनिळी पडली होती. खालून तळव्याला भोक.

 म्हात्रे स्वतःच्याच पायाकडे परक्याचा पाय असावा तसे बघत होते. मग हळूच म्हणाले, "मोठ्या भावाचा असाच झालेला. गुडघ्यापासून कापला. परत होडीवर चढला नाय तो." आणि आणखी हळू, "मी नाय जायचा दवाखान्यात."

काकांनी वाद घातला नाही. आत जाऊन स्वच्छ पंचा आणला, पाय सैलसर गुंडाळला आणि मला म्हणाले, "रिक्षा."

पनवेलपर्यंतचा तो रस्ता मी विसरणार नाही. पुलाखाली ट्रक आडवा झालेला, सगळं तुंबलेलं. रिक्षात म्हात्र्यांचा पाय काकांच्या मांडीवर. दर थोड्या वेळाने काका पंच्याजवळ नाक नेत आणि काही न बोलता बाहेर बघत. शेवटी म्हात्रेच वैतागले. "काय सांगतो तुझा नाक? राहील की जाईल?"

"नाकाला एवढं कळत नाही," काका म्हणाले.

दवाखान्यात डॉक्टरांनी पाय पाहिला आणि लगेच आत घेतलं. बोटं काढावी लागतील, विष वर चढलं असेल तर पाऊलही, आत गेल्यावरच कळेल, असं सांगितलं. मावशींना फोन केला, त्या निघाल्या. आम्ही बाकड्यावर बसलो. काकांनी पंचा घडी घालून हातात धरला होता.

काही तरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "काका, हा बुटांचा नाद तुम्हाला कधीपासून?"

त्यांनी पंच्याची घडी मोडून पुन्हा घातली.

"बायको गेली, माझी नलू, तेव्हापासून," ते म्हणाले. "नोकरीभर मी दिवसच्या दिवस बुटात. लोकांकडे बूट काढून बसायचो, कधी कोणी तोंड फिरवलं नाही. मला वाटायचं, आपले पाय चांगले. ती गेल्यावर थोड्या दिवसांनी पुतणीकडे जेवायला गेलो. बूट काढले आणि तिची पोरं नाक धरून आत पळाली. मी घरी येऊन बूट हुंगला. मग घरभर शोधलं. मोरीच्या फळीवर एक डबा सापडला. त्यात तुरटी, खाण्याचा सोडा आणि माझ्या बुटात मावतील अशा कापडाच्या पुरचुंड्या. हाताने शिवलेल्या. मी झोपलो की भरत असणार आणि उठायच्या आत काढत असणार." ते थांबले. "इतकी वर्षं. एकदा तरी बोलायचं. मी चिडलो असतो, पण मला कळलं तरी असतं."

 तेवढ्यात दार उघडून डॉक्टर बाहेर आले. दोन बोटं गेली, पाऊल वाचलं. आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

काकांनी मान हलवली आणि पंच्यात तोंड खुपसलं.

म्हात्रे आता काठी घेऊन चालतात. खाली वाकून त्यांना तळवा बघता येत नाही, म्हणून जखम भरेपर्यंत काका रोज सकाळी त्यांच्याकडे जायचे. पाटावर बसून पाय धुवायचे, प्रत्येक बेचकी पुसायचे. वरून म्हात्र्यांची कुरकुर चालू. "हलू घास, भांडा नाय तो!"

एकदा मी बसलेली असताना मावशी पुढे झाल्या. "काका, उठा आता. माजा मानूस हाय, मी करते. त्याला कलायचा पन नाय, टीवी बघता बघता पुसून टाकीन."

काकांनी पंचा त्यांच्या हातात दिला.

"तुम्हीच करा, वहिनी. पण टीव्ही बंद करून करा," ते म्हणाले. "त्यांना कळू द्या."